शिवणाचे प्रश्न: अंगाला बसलेल्या टॉपवरून नवा टॉप

या वेळी आलेल्या पत्रांत एकच मागणी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसली: जवळचा, अंगाला नेमका बसणारा टॉप समोर ठेवून त्यावरून कागदी पॅटर्न कसा उतरवावा आणि त्यावर नवा टॉप कसा शिवावा. अंगाची मापे घेऊन कोऱ्या कागदावर आखणी करण्यापेक्षा ही वाट सोपी वाटते आणि बऱ्याच अंशी ती सोपी आहेही, कारण खांदा किती हवा, गळा किती खोल हवा, या प्रश्नांची उत्तरे त्या टॉपने आधीच दिलेली असतात. मात्र कपड्यावरून आपण नुसता आकार उतरवत नाही. ते कापड किती ताणते, धुऊन किती आटले, वापरून कुठे सैल पडले, हे सगळे त्या आकारात मुरलेले असते. ते वेगळे काढून पाहिले नाही, तर कागद अचूक उतरूनही टॉप बसत नाही. म्हणून उत्तरे लिहिताना कागदाइतकेच कापडाकडेही लक्ष दिले आहे.

प्रश्न: माझा एक सुती टॉप काखेत विरला आहे. तो मला इतका छान बसतो की तसाच दुसरा शिवावा असे वाटते. तो उसवून तुकडे वेगळे केले तर पॅटर्न अचूक मिळेल, असे मैत्रीण म्हणते; पण मला तो उसवण्याचे धाडस होत नाही. न उसवता हे काम होईल का?

उत्तर: नक्की होईल, आणि माझा सल्ला न उसवण्याचाच आहे. उसवलेले तुकडे अधिक अचूक असतात हा समज अर्धाच खरा आहे. गळा आणि मुंढा (बाही जोडली जाते ती काखेभोवतीची गोलाई) यांचे काठ बऱ्याच भागात उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपे, असतात; टीप निघाली की ते काठ सैल पडतात आणि शिवलेल्या अवस्थेपेक्षा लांब भरतात. शिवाय एकदा टॉप उसवला की पुढे तुलना करायला तो हाताशी राहत नाही, आणि या कामात शेवटपर्यंत तुलना करावी लागते.

टॉप आधी धुऊन, वाळवून, हलक्या हाताने इस्त्री करून घ्या. इस्त्री सरकवू नका, उचलून ठेवत जा, म्हणजे कापड ताणले जाणार नाही. मग दोन्ही खांदे आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी एकमेकींवर जुळवून टॉप मधोमध दुमडा आणि त्या घडीवर पुढच्या व मागच्या भागात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्चा धावदोरा घाला. ही मधली रेघ पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे. पॅटर्न अर्ध्याच भागाचा उतरवायचा असतो. दुसरा अर्धा कापड घडीवर ठेवून कापताना आपोआप मिळतो. कोणता अर्धा घ्यावा हे ठरवण्यापूर्वी दोन्ही बाजू मोजा. वापरलेल्या कपड्यात त्या क्वचितच सारख्या असतात, कारण पिशवी एकाच खांद्यावर अडकवण्यासारख्या सवयीने एक बाजू जास्त ओढली जाते. कमी ताणलेली बाजू निवडावी.

आता टाचणी सहज रुतेल असा आधार घ्या. थर्माकोलचा जाड तुकडा किंवा चार पदरी दुमडलेली चादर चालते. त्यावर कागद पसरा, कागदावर पट्टीने एक सरळ उभी रेघ मारा आणि टॉपवरचा मधला धावदोरा बरोबर त्या रेघेवर आणून टाचण्यांनी पक्का करा. ही रेघ म्हणजेच पॅटर्नवरचा उभा धागा. तिथून तळहाताने कापड बाजूकडे सपाट करत न्या, पण ओढू नका. कापडाची वीण जवळून पाहिली तर आडवे धागे मधल्या रेघेशी काटकोनात आहेत की नाहीत हे दिसते. ते वाकडे जात असतील तर कापड पुन्हा उचलून नीट बसवा. मग शिवणीच्या खाचेतून टाचणी सरळ उभी खुपसत जा, म्हणजे खालच्या कागदावर छिद्र पडेल. सरळ रेघेवर ४-५ सेंटिमीटरवर एक छिद्र पुरते. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या वळणावर मात्र दर सेंटिमीटरला एक हवे.

इथे एक चूक फार वेळा होते. टॉप टेबलावर पसरल्यावर त्याची जी कड दिसते, ती नेहमी शिवण नसते. खांद्याची शिवण बऱ्याच टॉपमध्ये वरच्या घडीच्या थोडी पुढे असते आणि बाजूची शिवणही मागे सरकलेली असू शकते. छिद्रे शिवणीवर पाडायची, घडीवर नाहीत. शिवण दिसत नसेल तर तेवढा भाग उलटवून ती वर आणा.

टॉप उचलल्यावर छिद्रे जोडा: सरळ भाग पट्टीने, वळणे वक्रपट्टीने किंवा सावकाश हाताने. एखादे छिद्र ओळ सोडून बाहेर गेले असेल तर त्याच्या मागे धावू नका, आजूबाजूच्या छिद्रांतून जाणारे गुळगुळीत वळण खरे माना. गळ्याची रेघ मधल्या रेघेला जिथे मिळते, तिथे ती निदान एक सेंटिमीटर काटकोनात असली पाहिजे. तसे नसेल तर कापड उलगडल्यावर गळ्याच्या मध्यभागी टोक निघते किंवा खाच पडते. खालच्या घेराबाबतही हेच.

बाही सर्वांत कठीण, म्हणून तिला सर्वांत जास्त वेळ द्या. बाहीचा पुढचा आणि मागचा अर्धा सारखा नसतो. पुढचा मुंढा जास्त कोरलेला असतो, त्यामुळे बाहीचे पुढचे वळणही जास्त आत जाते. एका अर्ध्यावरून दुसरा उतरवला तर बाही दंडावर पिळते. खांद्याच्या टोकापासून खाली सरळ धाग्यावर धावदोरा घाला, तो कागदावरच्या उभ्या रेघेवर बसवा, आधी मागचा अर्धा टोचून घ्या, मग बाही पालटून त्याच रेघेच्या दुसऱ्या बाजूला पुढचा अर्धा घ्या. बाहीचा वरचा गोल भाग शिवताना किंचित दाबून मुंढ्यात बसवलेला असतो, त्यामुळे तो टोचून पूर्ण मिळत नाही. म्हणून टेप कडेवर उभी धरून कागदावरच्या मुंढ्याची पुढची आणि मागची रेघ मोजा, आणि बाहीचा गोल त्यांच्या बेरजेपेक्षा थोडा जास्त भरतो का पाहा. शर्टासारख्या सैल, उतरत्या बाहीला ही वाढ जवळजवळ लागत नाही किंवा एखादा सेंटिमीटर पुरते; खांद्यावर गोलाई धरणाऱ्या बाहीला २ ते ३ सेंटिमीटर लागतात. तेवढी भरत नसेल तर गोलाची उंची किंचित वाढवून तो पुन्हा आखा.

शेवटी टॉप आणि कागद शेजारी ठेवून काखेतली रुंदी, खांद्याची लांबी, मधली उंची, बाहीची लांबी आणि दंडाजवळची रुंदी मोजा. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो. पण पुढे दोन आणि मागे दोन अशा चार कडांवर तो पडला की अंगाभोवती २ सेंटिमीटर होतो. पुढच्या आणि मागच्या बाजूच्या शिवणी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. मागचा खांदा पुढच्यापेक्षा अर्ध्या सेंटिमीटरने लांब निघाला तर ती चूक समजू नका. पाठीच्या गोलाईसाठी ती जागा अनेकदा मुद्दाम दिलेली असते. हे सगळे पटल्यावरच माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, सोडा: गळ्याला १ सेंटिमीटरपेक्षा कमी, खांदा आणि मुंढ्याला १, बाजूंना दीड ते २, खालच्या दुमडीला २ ते ३. पहिल्या टॉपला बाजूची माया सढळ ठेवावी, कारण दुरुस्तीची वेळ बहुधा तिथेच येते.

प्रश्न: मी अशाच रीतीने पॅटर्न काढून टॉप शिवला. मोजल्यावर तो मूळ टॉपइतकाच भरतो, तरी छातीवर घट्ट होतो आणि हात वर केला की सगळा टॉप वर चढतो. मी मुंढा आणखी खोल कापला, तर त्रास वाढलाच. माझे काय चुकले?

उत्तर: आपण एकाच पत्रात दोन वेगळे दोष लिहिले आहेत, म्हणून ते वेगवेगळे पाहू.

छातीवरचा घट्टपणा बहुधा कापडामुळे आला आहे. मूळ टॉपच्या आतले लेबल पाहा; त्यावर इलास्टेन किंवा स्पॅन्डेक्स २ ते ५ टक्के लिहिले असेल, तर ते कापड विणलेल्या साध्या सुती कापडासारखे दिसूनही ताणणारे आहे. लेबल नसेल तर कापड आडव्या धाग्यावर दुमडून १० सेंटिमीटरचा भाग पट्टीवर धरा आणि जोर न लावता ओढा. तो १३ सेंटिमीटरपर्यंत गेला, तर ताण ३० टक्के आहे. अशा कापडाचा टॉप अंगाच्या मापाइतका किंवा त्याहून लहान असूनही आरामात बसतो, कारण उरलेली जागा कापड स्वतः देते. न ताणणाऱ्या कापडाला ती जागा कागदातच द्यावी लागते. अंगासरशी बसणाऱ्या टॉपलाही छातीच्या मापापेक्षा ६ ते १० सेंटिमीटर जास्त लागतात. टॉपचे माप आणि अंगाचे माप यांची वजाबाकी करून पाहा, आणि ती एक-दोन सेंटिमीटरच निघाली, तर त्या पॅटर्नवर साधे सुती कापड कापू नका.

याच कारणाने ताणणाऱ्या होजियरी कापडाच्या टीशर्टवरून साध्या कापडाचा टॉप बेतणे टाळावे. टीशर्टवरून टीशर्टच करावा आणि त्याला गोल टोकाची सुई व नागमोडी टीप वापरावी, कारण सरळ टीप ताणाखाली तुटते.

हात उचलल्यावर टॉप वर चढण्याचे कारण मात्र आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. हात उचलला की बाही काखेतल्या बिंदूला धरून टॉपची बाजू वर ओढते. हा बिंदू शरीरापासून जितका खाली, तितका जास्त कपडा हाताबरोबर वर जावा लागतो. म्हणून मुंढा खोल केल्याने हालचाल मोकळी होत नाही, उलट आवळते. यापुढे शिवाल त्या टॉपला काखेतला बिंदू १ ते २ सेंटिमीटर वर घ्या आणि मग बाहीचे वळण बदललेल्या मुंढ्याशी पुन्हा मोजून जुळवा. बाहीच्या गोलाची उंची थोडी कमी करून दंडाजवळ ती रुंद केली तर हात आणखी मोकळा होतो. त्याच्या बदल्यात हात खाली असताना काखेजवळ काही तिरप्या सुरकुत्या दिसतात. ज्यांना टॉप घालून दिवसभर काम करायचे आहे, त्यांनी सुरकुत्या पत्कराव्यात, असे माझे मत आहे.

प्रश्न: माझ्या टॉपला छातीजवळ बाजूने टक्स आहेत. त्यामुळे पुढचा भाग कागदावर सपाट बसतच नाही. टक्स सोडून पॅटर्न काढला तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. टक्स ही सपाट कापडाला गोलाई देणारी, टोकाकडे निमुळती होत गेलेली शिवलेली दुमड आहे. तो सोडला तर छातीवरचे कापड वर खेचले जाईल आणि खालचा घेर पुढून उचललेला दिसेल. कापड सपाट बसत नाही, याचा अर्थ टक्स आपले काम नीट करतो आहे.

मधली रेघ आणि टक्सचे टोक, एवढे दोन्ही शेवटपर्यंत टोचलेले ठेवा. आधी टक्सच्या वरचा भाग सपाट करा, खालचा हवा तसा फुगू द्या, आणि खांदा, मुंढा व बाजूची शिवण टक्सपर्यंत टोचून टक्सची शिवणही त्याच्या टोकापर्यंत टोचून घ्या. मग बाजूच्या टाचण्या काढा, आता खालचा भाग सपाट करा, वरचा फुगू द्या, आणि टक्सची तीच शिवण पुन्हा टोकापासून बाहेर टोचत जाऊन बाजू व घेर पूर्ण करा. कागदावर एकाच शिवणीच्या दोन रेघा मिळतील. त्यांच्यामधली पाचर म्हणजे टक्स. टॉप उलटा करून बाजूच्या शिवणीजवळ टक्सची दुमड मोजा. तिची दुप्पट त्या पाचरीच्या तोंडाइतकी आली पाहिजे. कापण्यापूर्वी कागदावरचा टक्स मूळ टॉपप्रमाणे, बहुधा खालच्या बाजूला, दुमडा आणि दुमडलेल्या अवस्थेतच बाजूची रेघ कापा. उलगडल्यावर तिथे एक छोटे टोक दिसेल. ते सरळ करण्याचा मोह टाळा, कारण टक्स शिवल्यावर शिवणीत पोहोचणारे कापड तेच असते.

प्रश्न: पॅटर्नसाठी कोणता कागद घ्यावा? वर्तमानपत्र चालते का? आणि कपड्यावरून पॅटर्न काढणे हे दुय्यम दर्जाचे शिवण नव्हे का?

उत्तर: पहिल्या आखणीला चालते, पण फिक्या कापडावर त्याची शाई उतरते. पक्क्या पॅटर्नसाठी तपकिरी वेष्टनाचा कागद चांगला. प्रत्येक तुकड्यावर उभ्या धाग्याची रेघ, घडीची बाजू, किती तुकडे कापायचे, माया धरली आहे की नाही, आणि हा पॅटर्न कोणत्या प्रकारच्या कापडासाठी आहे, हे लिहा. शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात आणि दोन वर्षांनी तोच पॅटर्न भलत्याच कापडावर ठेवतात. एबेनेझर बटरिक यांनी अमेरिकेत १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विक्रीस आणले. घरोघरी छापील पॅटर्न पोहोचण्यापूर्वीही लोक घरी कपडे शिवतच होते आणि हाताशी असलेल्या जुन्या कपड्यावरून कापड बेतणे ही त्यांची रोजची रीत होती. कपड्यावरून पॅटर्न काढणे म्हणजे दुय्यम दर्जाचे शिवण, असे आपल्या पत्रात सुचवले आहे, ते मनातून काढून टाका.

प्रश्न: कापड धुऊन कापावे की न धुता?

उत्तर: धुऊनच, आणि टॉप पुढे जसा धुणार आहात तसेच. सुती कापड पहिल्या धुण्यात ५ टक्के आटले, तर ६० सेंटिमीटर उंचीचा टॉप ३ सेंटिमीटरने आखूड होतो. आपण उतरवलेला मूळ टॉप हा आटून झालेला टॉप आहे, तेव्हा नवे कापडही त्याच अवस्थेत आणल्याशिवाय दोघांची तुलना होत नाही.

प्रश्न: माझ्या प्रत्येक टॉपचा गळा पुढून उघडा पडतो, मूळ टॉपचा पडत नाही. पॅटर्न तर तोच आहे.

उत्तर: पॅटर्न तोच असूनही गळा मोठा होतो, तो कापल्यापासून शिवेपर्यंतच्या हाताळणीत. कापल्याबरोबर, टॉप उचलून अंगाला लावून पाहण्याच्याही आधी, गळ्याच्या काठापासून अर्ध्या सेंटिमीटरवर एका पदरावर टीप मारा आणि ती दोन्ही खांद्यांकडून मध्याकडे मारा. दुसरे असे की, मूळ टॉपचा गळा वर्षानुवर्षे डोक्यातून काढून ताणलेला असतो आणि आपण तो ताणलेलाच उतरवतो. गळ्याला लावलेली पट्टी मोजा आणि गळ्याची रेघ तिच्याशी ताडून पाहा. पट्टी टिपेने बांधलेली असल्याने सहसा कमी ताणलेली असते. उरेबपट्टी लावताना ती गळ्यापेक्षा किंचित आखूड घ्या आणि वळणावर अगदी हलकी ताणून बसवा, म्हणजे काठ छातीला चिकटून राहतो.

प्रश्न: दहा वर्षांपूर्वीचा टॉप आहे. आता माझी छाती ६ सेंटिमीटरने वाढली आहे. पॅटर्न सगळीकडून वाढवू का?

उत्तर: सगळीकडून वाढवू नका. वय आणि वजन वाढले तरी खांद्याच्या हाडाची रुंदी फारशी बदलत नाही. खांदा आणि गळा तसाच ठेवा. अंगाभोवती ४ सेंटिमीटरपर्यंतची वाढ चारही बाजूच्या कडांना एकेक सेंटिमीटर देऊन भागते, पण मग बाहीच्या शिवणीलाही दोन्ही कडांना तेवढीच वाढ द्या, नाहीतर ती मुंढ्याला पुरणार नाही. आपल्याला ६ सेंटिमीटर हवेत, तेव्हा आधी ही वाढ कुठे झाली ते आरशात पाहा आणि छातीचा पुढचा व मागचा भाग वेगवेगळा मोजा. वाढ पुढेच असेल तर फक्त पुढच्या भागाला जागा द्या आणि टक्स खोल करा. मागे विनाकारण दिलेली जागा पाठीवर पिशवीसारखी लोंबते. एवढा बदल करताना जुन्या चादरीचा कच्चा टॉप शिवून पाहणे मी अनिवार्य मानते. तिचे वजन आणि पडणे नव्या कापडाच्या जवळपास असावे.

प्रश्न: माझ्या आईचा एक टॉप माझ्याकडे आहे. ती आता नाही. कापड इतके जीर्ण झाले आहे की टाचणी टोचली तरी फाटेल असे वाटते. तो तसाच जपून ठेवायचा आहे, पण त्याच आकाराचा माझ्यासाठी शिवायचाही आहे.

उत्तर: आपले पत्र मी अनेकदा वाचले. या टॉपला टाचणी लावू नका, इस्त्री करू नका आणि तो हँगरवर अडकवूनही ठेवू नका, कारण जीर्ण कापड खांद्यावर स्वतःच्याच वजनाने फाटते. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर पसरून टॉप त्यावर सपाट ठेवा, सुरकुत्या हाताने हळूच उलगडा, आणि वर पारदर्शक प्लास्टिकचा जाड कागद अंथरा. कडेला कापडाबाहेर पुस्तकांसारखी वजने ठेवा, टॉपवर नको. मग मेणाच्या पेन्सिलीने शिवणीच्या रेघा प्लास्टिकवर गिरवा; शाईचे पेन वापरू नका, कारण प्लास्टिक सरकले तर शाई कापडाला लागेल. मागचा भाग घेताना टॉप एकट्याने पालटू नका, खालच्या चादरीसकट दोघांनी मिळून पालटा.

अशा रीतीने उतरवलेला आकार टोचून घेतलेल्या आकाराइतका अचूक नसतो, विशेषतः मुंढ्यात आणि बाहीत. तेवढे भाग टॉप न ताणता मऊ टेपने मोजून घ्या आणि बाकीचे जुन्या चादरीच्या कच्च्या टॉपवर स्वतःच्या अंगाला लावून ठरवा. आईचा खांदा आपल्या खांद्यापेक्षा लहान किंवा मोठा निघू शकतो. तसे झाले तर तिच्या मापाचा कागद तसाच ठेवून त्यावर दुसरा कागद टाकून आपला पॅटर्न वेगळा काढा. तिच्या कागदावर तिचे नाव आणि आजची तारीख घाला. दुमडलेल्या जागी कागद काही वर्षांनी तुटतो, म्हणून तो घडी न करता नळीला गुंडाळून ठेवा.